भिंतीलगतचा वर्ग

ओतूरच्या उद्धवराव डुंबऱ्यांना पिंपरीतल्या नव्या हायस्कुलात नोकरी लागली ती १९५५ च्या जूनमध्ये. वय चाळीशीला टेकलेलं, मागे कुणी नाही. आठ वर्षांपूर्वी विषमज्वरानं घरातली दोन्ही माणसं एकदमच अंथरुणाला खिळली होती. त्या तापानं त्यांची बायको नेली आणि उद्धवराव उठले ते बहिरे होऊन. उजवा कान पुरता गेला. डाव्या कानाला लांब कुठंतरी ढग वाजल्यासारखं काहीबाही लागे, तेवढंच.

ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. ओतुरात ती लपवणं हळूहळू अवघड झालं. माणसं खांद्याला हात लावून बोलायला लागली, पोरं पाठीमागून नकला करायला लागली. पुढं आपल्या शाळेत इन्स्पेक्टर येईल, प्रश्न विचारील आणि आपण भलतंच उत्तर देऊ, या भीतीनं त्यांनी गाव सोडलं. पिंपरीत त्यांना ओळखणारं कोणी नव्हतं, आणि त्यांना तेच हवं होतं.

समोरच्याचे ओठ वाचायला ते आता चांगले शिकले होते. वर्गात खिडकीकडं पाठ करून उभे राहत, म्हणजे उजेड पोरांच्या तोंडावर पडे. धडा वाचायला सांगितला की एक डोळा पुस्तकावर आणि एक पोराच्या ओठांवर. प्रश्नांची उत्तरं ते बहुतेक लिहूनच घेत. शिकवणं उत्तम होतं. मराठी आणि इतिहास हे त्यांचे विषय, आणि बोलायला लागले की तास कसा सरला ते पोरांना कळत नसे. पण तास संपला की ते कोणाशी बोलत नसत. शिक्षकांच्या खोलीत चहाच्या वेळी चारजण माना घालून बोलत, कोणाचे ओठ दिसत नसत. मग उद्धवराव आपला कप घेऊन दाराशी उभे राहत. मास्तर शिष्ट आहेत, असा सगळ्यांचा समज झाला. त्यांनी तो होऊ दिला. बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा शिष्ट म्हणवून घेणं परवडतं, असं त्यांना वाटे.

गावठाणात छबूबाईंच्या घराची पुढची खोली त्यांनी भाड्यानं घेतली होती. सकाळी स्टोव्हवर भात, संध्याकाळी उरलेला भात. रविवारी ते पवनेच्या काठानं चिंचवडपर्यंत चालत जात आणि चालत परत येत. वाटेत कोणी रामराम केला तर हात जोडत. काही वेळा सबंध रविवार असा जाई की त्यांच्या तोंडून एक शब्द निघालेला नसे. सोमवारी वर्गात पहिलं वाक्य बोलताना घसा खरवडे.

शाळा म्हणजे पत्र्याच्या छपराच्या सहा खोल्या. दुसऱ्या वर्षी, पावसाळा संपता संपता, शाळेला लागूनच्या मोकळ्या जागेत एक पिंपांचा कारखाना आला. देहूरोडच्या लष्करी डेपोतून लिलावात निघालेली जुनी, चेपलेली तेलाची पिंपं ट्रकनं यायची. सकाळी ती जाळून, धुऊन काढायची आणि साडेदहा-अकराच्या सुमारास ठोकून सरळ करायला घ्यायची. वीस-पंचवीस माणसं, प्रत्येकाच्या हातात हातोडा आणि समोर रिकामं पिंप. कारखान्याची आणि शाळेची मधली भिंत एकच होती. त्या भिंतीला लागून जी खोली होती ती अकरावीची, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकची, आणि अकरावीचे वर्गशिक्षक उद्धवराव.

आवाज होत असणार हे त्यांना ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि ऐकू येणं वेगळं. त्यांच्या आठवणीत हातोड्याचा आवाज म्हणजे लहानपणी ऐकलेली तांबटाची ठकठक. ती तर गोड वाटायची, तिच्या तालावर झोप लागायची. भिंतीला हात टेकला की तळव्याला मुंग्या येत, ते त्यांनी मालगाडीच्या माथी मारलं. गाडीचे रूळ काही लांब नव्हते.

त्या दिवाळीनंतर वर्ग बदलला. आधी पोरं नुसती मरगळली. मग चिडकी झाली. एकानं दुसऱ्याच्या अंगावर शाईची दौत भिरकावली, कारण विचारलं तर कारणच नाही. एक शांत पोरगा भर तासाला बाकावर डोकं ठेवून रडायला लागला आणि त्यालाही का ते सांगता येईना. निबंधाच्या वह्यांत अक्षर बिघडलं, वाक्यं अर्ध्यावर तुटायला लागली. उद्धवरावांना वाटलं, परीक्षेचं वर्ष आहे, वयही तसंच.

आणि मग बिडीचा वास यायला लागला. कान गेल्यापासून त्यांचं नाक तिखट झालं होतं. मधल्या सुट्टीनंतर वर्गात पाऊल टाकलं की कोणी बिडी ओढून आलंय ते त्यांना लगेच कळे. आधी शेवटच्या बाकावरून यायचा तो वास. डिसेंबरापर्यंत तो निम्म्या वर्गाच्या कपड्यांना लागला. एके दिवशी पहिल्या बाकावरूनही आला.

पहिल्या बाकावर ज्योतीराम बसे. माण तालुक्यातून आलेलं घर, बाप देहूरोडच्या डेपोत हमाल. सतरा वर्षांचा, सडपातळ, स्पष्ट बोलणारा. त्याचे ओठ वाचायला सगळ्यात सोपे, म्हणून धडा वाचायला उद्धवराव नेहमी त्यालाच उठवत. ज्योतीरामला ते कारण माहीत नव्हतं. सरांचा आपल्यावर जीव आहे असं तो समजे, आणि तेही काही खोटं नव्हतं. इतक्या वर्षांत उद्धवरावांशी जर कोणी बोललं असेल तर तो हा पोरगा, तोही पुस्तकातली वाक्यं.

दुसऱ्या दिवशी दुपारी उद्धवराव शाळेच्या मागं गेले. भिंतीला एका ठिकाणी खिंडार पडलं होतं. पलीकडं कारखान्याची माणसं उकिडवी बसलेली, आणि त्यांच्यात त्यांची सात-आठ पोरं. ज्योतीराम पिंपाला टेकून डोळे मिटून बसला होता, बोटांत बिडी.

उद्धवरावांनी आजवर कोणावर हात उचलला नव्हता. त्या दिवशी त्यांनी ज्योतीरामला दंडाला धरून वर्गात आणलं आणि सगळ्यांच्या देखत त्याच्या तळहातावर सहा छड्या मारल्या. शेवटची छडी बसल्यावर पोरगा खाली मान घालून काहीतरी बोलला. मान खाली, ओठ दिसले नाहीत. काही पोरांनी माना खाली घातल्या, एकदोघं सरांच्या तोंडाकडं बघत राहिली, उत्तराची वाट बघितल्यासारखी.

"जागेवर बस," उद्धवराव म्हणाले.

ज्योतीरामनं मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. पण तो नव्हता. कुणीतरी अनोळखी माणूस समोर उभा असावा तसं त्यानं पाहिलं, दप्तर उचललं आणि निघून गेला.

तो दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशी नाही. पहिल्या बाकावरची जागा आठ दिवस मोकळी राहिली. उद्धवराव धडा वाचायला दुसऱ्याला उठवत, पण त्या पोराचे ओठ मिशीच्या लवेत हरवत. तो काय बोलला असेल, हा एकच विचार डोक्यात. वर्गातल्या कोणालाही विचारलं असतं तर कळलं असतं. पण विचारायचं म्हणजे आपल्याला ऐकू आलं नाही हे कबूल करायचं.

नवव्या दिवशी, रविवारी, ते रुळापलीकडच्या चाळीत गेले. ज्योतीराम घरी नव्हता, बापही नव्हता. त्याची आई यशोदाबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. शाळेचे मास्तर म्हटल्यावर ती लगबगीनं उठली, घोंगडी अंथरली, पाणी दिलं. मग दाराच्या आडोशाला उभी राहून, पदराचं टोक तोंडासमोर धरून, रीतीप्रमाणं बोलायला लागली.

उद्धवरावांना पदर हलताना दिसत होता. बाई बरंच काही सांगत होती. मधेच तिनं डोळे पुसले, मधेच काही विचारलंही असावं, कारण ती थांबली. ते मान हलवत राहिले. अशी मान हलवून त्यांनी नऊ वर्षं काढली होती. पण बाई थांबून त्यांच्याकडं बघत होती, आणि आज मान हलवून भागणार नव्हतं. एका पोराचं आयुष्य त्या पदरामागं अडकलं होतं.

"बाई," ते म्हणाले, "मला ऐकू येत नाही. पदर बाजूला घेऊन बोला. ओठ दिसले तर मला समजेल."

हे वाक्य त्यांनी जन्मात पहिल्यांदा उच्चारलं. आपला आवाज केवढा निघाला तेही त्यांना कळलं नाही, पण शेजारच्या खोलीतली म्हातारी बाहेर येऊन बघायला लागली, त्यावरून तो मोठा निघाला असावा.

यशोदाबाईनं पदर खाली घेतला, समोर येऊन जमिनीवर बसली आणि लहान मुलाला सांगावं तसं एकेक शब्द सुटा करून सांगायला लागली. पोरगं दोन महिने घरात नीट बोलत नव्हतं. बहिणीच्या हातून ताटली पडली तरी दचकून उठायचं, तिच्या अंगावर धावून जायचं आणि मग कोपऱ्यात जाऊन रडायचं. पुस्तक उघडलं की म्हणायचं, कानात अजून ठोकतायत. आता त्यानं शाळा सोडली. आणि गेला कुठं, तर त्याच कारखान्यात, पिंपं ठोकायला. बापानं मारलं, पण ऐकलं नाही.

मग उद्धवरावांनी विचारलं, छड्या खाल्ल्यावर तो काय म्हणाला, हे त्यानं घरी सांगितलं का. यशोदाबाईला ते तोंडपाठ होतं.

"म्हनला, 'सर, ह्यो आवाज तुमी सोसता कसा, तेवढं मला शिकवा. मी बिडी सोडतो.'"

आणि त्यावर आपण काय म्हणालो, हे उद्धवरावांना कोणी सांगायची गरज नव्हती.

ते घोंगडीवरून उठले. निघताना यशोदाबाईनं आणखी एक सांगितलं. कारखान्यात जायला लागल्यापासून पोरगं रात्री झोपतंय, बहिणीशी बोलतंय. हे कसं, ते तिला उमगत नव्हतं.

सोमवारी दुपारी भिंतीच्या खिंडारातून उद्धवराव स्वतः पलीकडं गेले. बिडीची सुट्टी होती. दाढीत पांढरे केस आलेले अन्वर मिस्त्री तिथले मुकादम. त्यांनी उठून एक पालथं पिंप पुसून मास्तरांना बसायला दिलं. उद्धवरावांना आता काही लपवायचं उरलं नव्हतं. सरळ सांगितलं की मी बहिरा आहे, माझ्याकडं तोंड करून बोला. अन्वर मिस्त्रींना त्यात काही नवल वाटलं नाही. आमच्यातले निम्मे तसेच आहेत, ते म्हणाले. आम्ही एकमेकांशी हातांनीच बोलतो.

पोरांचं त्यांनी जे सांगितलं ते उद्धवरावांना आयुष्यभर पुरलं. दिवसातून दोनदा, बारा वाजता आणि तीन वाजता, दहा-दहा मिनिटं हातोडे खाली ठेवले जात. "ठोकाठोकी थांबली की ही पोरं भिंत ओलांडून यायची, मास्तर. बिडीसाठी नाही. आधी नुसतीच येऊन बसायची, गप्प. इथं काय ठेवलंय म्हणून मी हाकलायचो. मग आमच्यातल्याच कोणी एकानं बिडी पुढं केली. चूक आमची आहे." पोरांच्या अंगात बिडी आणि ती दहा मिनिटं एक होऊन बसली. पुढं पुढं तर बिडी पेटवली की हातोडा चालू असला तरी थोडं गप्प झाल्यासारखं वाटतं, असं पोरं म्हणायची.

ज्योतीराम जरा लांब उभा होता. उद्धवरावांनी त्याला जवळ बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की त्या दिवशी तू बोललास ते मला ऐकू आलं नव्हतं. मला काहीच ऐकू येत नाही, म्हणून मी ते सोसू शकलो. तुला शिकवण्याजोगं माझ्याकडं त्यात काही नाही.

पोराचे डोळे भरले. मग त्यानं सरांच्या समोर उभं राहून, धडा वाचताना बोलायचा तसं स्वच्छ सांगितलं, "वर्गात घाव कधी पडणार ते कळायचं नाही, सर. सबंध तास अंग आवळून बसायचो. इथं घाव मीच घालतो. कधी पडणार ते मला ठाऊक असतं."

सुट्टी संपली. उद्धवराव उठले नाहीत. त्यांनी शेजारच्या पिंपावर हाताचा पंजा ठेवला आणि पंचवीस हातोडे एकदम पडू दिले. धक्का मनगटातून कोपरात, कोपरातून दातांत गेला. दहा-पंधरा मिनिटांत त्यांनी हात काढून घेतला. ते निदान हात तरी उचलू शकत होते, पोरांना कान उचलून ठेवता येत नव्हते.

मुख्याध्यापक हिंदुराव सरळ माणूस होते. उद्धवरावांनी सगळं सांगितल्यावर त्यांनी टेबलाच्या खणातून कागद काढून समोर ठेवले. या आवाजाबद्दल त्यांनी संस्थेला तीनदा लिहिलं होतं. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं होतं: ज्या वर्गाची भिंत कारखान्याला लागून आहे, त्या वर्गाच्या शिक्षकांची काहीही तक्रार नाही, तेव्हा बाकीच्यांनी बाऊ करू नये. उद्धवरावांनी ती ओळ दोनदा वाचली. आपण लपून बसलो एवढंच त्यांना आजवर वाटत होतं. आपल्या लपण्याची साक्ष काढून पोरांना त्या भिंतीशी बसवलं गेलं, हे त्यांना त्या टेबलाशी कळलं.

त्यांनी तिथंच बसून अर्ज लिहिला. मी सन १९४७ पासून पूर्ण बहिरा आहे, सबब माझी तक्रार नसणे हा पुरावा धरू नये, अशी त्याची सुरुवात होती. पुढं वर्गाची हकीकत, पोरांची चिडचिड, बिड्या, सगळं आणि शेवटी एक सूचना: ठोकाठोकी साडेदहाच्या आत सुरू होत नाही, तर शाळा सकाळी सातला भरवावी. हिंदुराव अर्ज वाचून म्हणाले, पहिलं वाक्य खोडा, बाकीच्यावर मी सही करतो. उद्धवरावांनी खोडलं नाही. ते वाक्य काढलं तर खालच्या मजकुराला आधार राहत नव्हता.

फेब्रुवारीत शाळा सकाळची झाली. दप्तर घेऊन पोरं अंधुक उजेडात यायची, पेंगत असायची, पण साडेदहापर्यंत पाच तासिका निवांत व्हायच्या. महिनाभरात वह्यांतली अक्षरं सुधारली. बिड्या सगळ्यांच्याच सुटल्या असं नाही. काहींच्या सुटल्या, काही शाळा सुटल्यावर ओढायला लागले. ज्याला एकदा धुरात शांतता सापडली तो ती सहजी टाकत नाही.

एप्रिलमध्ये संस्थेनं उद्धवरावांना कळवलं की पुढल्या वर्षी त्यांची गरज नाही. पत्र सभ्य होतं. ते वाचून त्यांना फारसा धक्का बसला नाही. धक्का बसला तो घरी. खोलीवर येऊन त्यांनी छबूबाईंना आपण बहिरे असल्याचं सांगितलं, आणि त्या पाट्यावर वाटता वाटता मान वर करून म्हणाल्या, "ठावं हाय मला. पयल्या दिसापास्नं ठावं हाय. तुमी सांगंना, मग मी कशी बोलू?" दोन वर्षं आपण एका भिंतीआड राहिलो, त्या बाईला माहीत होतं, आणि तरी सगळे रविवार मुक्यानं गेले.

पुढं त्यांना पुण्यात एका छापखान्यात मुद्रितं तपासायचं काम मिळालं. खोली त्यांनी सोडली नाही, पिंपरीहून गाडीनं जात-येत. छापखान्यात ते एका कोपऱ्यात कागदाशी बसत. तिथली माणसं चांगली होती, पण हातातलं काम टाकून त्यांच्यासमोर येऊन बोलायला कोणाला सवड नसे.

ज्योतीराम शाळेत परत आला नाही. मात्र त्या उन्हाळ्यापासून दर रविवारी दुपारी तो उद्धवरावांच्या खोलीवर यायला लागला. सरांच्या समोर मांडी घालून बसायचा, धडा मोठ्यानं वाचायचा, गणितं पाटीवर करायचा. जवळजवळ दोन वर्षं हा क्रम चालला. तेवढ्या काळात उद्धवरावांनी चिंचवडची रपेट एकदाही केली नाही. बाहेरून बसून तो १९५९ च्या मार्चची मॅट्रिकची परीक्षा पास झाला. पेढे घेऊन आला तेव्हा उद्धवरावांनी त्याला काहीतरी विचारलं, आणि उत्तर देण्याआधी तो किंचित पुढं झुकून त्यांच्या तोंडाकडं बघायला लागला. ते झुकणं उद्धवराव ओळखत होते. त्यांनी पेढा खाली ठेवला.

"कारखाना सोड," ते म्हणाले. "पगार कमी मिळाला तरी चालेल. आजच सोड."

ज्योतीरामनं वाद घातला नाही. अन्वर मिस्त्रींनीच ओळखीनं त्याला नाशिककडं एका गोदामात कारकुनाची जागा बघून दिली. जूनमध्ये तो गेला, वर्षभरानं आईबापांनाही घेऊन गेला.

रविवार पुन्हा मोकळे झाले. छबूबाई कधीमधी उंबऱ्याशी बसून गावातल्या चार गोष्टी सांगत, पण त्यांना घरचं पाहायचं असे. ज्योतीरामची पत्रं मात्र येत, महिन्याला एक. उद्धवराव ते सावकाश वाचत, मग सवयीनं लाल शाईची दौत काढून त्यातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका दुरुस्त करत, आणि आपल्या उत्तराबरोबर ते पत्रही परत धाडत. पुढच्या पत्रात त्या चुका नसत, दुसऱ्या असत. पत्रात गोदामाचं असे, बहिणीच्या लग्नाचं असे, कान आहे तसाच आहे, बहिरेपण वाढलेलं नाही, असं असे. बिडीबद्दल त्यानं कधी काही लिहिलं नाही. पत्राच्या कागदाला तो वास येत असे, पण उद्धवरावांनी त्याची विचारणा केली नाही.